आईच्या पैशाला कुणाची परवानगी?

साताऱ्या-सांगलीकडच्या घरात एखादी बाई म्हणाली, "यंदा मला साठ पुरी होत्यात, एकदा परदेश बघून येते," की घर आधी हसते, मग हिशेब मागते. पैसा तिचाच असतो. भिशीचा, बचत गटाचा, दुधाच्या पगारातून मागे टाकलेला. तरी सून म्हणते, "आत्या, गुडघं दुखत्यात की तुमचं!" मुलगा म्हणतो, "त्यात बोअर मारून झाली असती." आणि भावकीला तर ते थेरच वाटतात.

हेच घर लग्नात कर्ज काढून गावजेवण घालते. पोराच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो, तलवारीने केक कापला जातो. त्याचा हिशेब कुणी मागत नाही. याच मुलखात, सातारा आणि सांगली एकच जिल्हा होता तेव्हा, 1943 पासून नाना पाटलांच्या प्रतिसरकारने अगदी थोडक्या खर्चात गांधी लग्ने लावली होती. त्या माणसांचे फोटो आपण भिंतीवर लावले आणि त्यांचे म्हणणे उंबऱ्याबाहेर ठेवले.

या बाईचा जन्मदिवससुद्धा आपण कधी टिपून ठेवला नाही. शाळेत गुरुजींनी 1 जून लिहिला, तोच तिला चिकटला. सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. एटीएम कार्ड मुलाच्या पाकिटात. पंढरपूर, तुळजापूर, फार तर काशी, एवढी तिला मुभा. कारण देवाच्या नावावर निघालेली बाई आपल्याला चालते, स्वतःच्या मर्जीने निघालेली खुपते. 'रयत' शिक्षण संस्थेच्या वसतिगृहातल्या पोरांसाठी दागिने मोडणाऱ्या लक्ष्मीबाई पाटलांचे आपण गुणगान करतो, ते करावेच. पण बाईने दिले तर त्याग आणि स्वतःसाठी ठेवले तर चैन, हा नियम लक्ष्मीबाईंनी घातलेला नाही. तो आपल्या सोयीसाठी आपण घातला.

परवडत नाही, हे कारणही तपासून बघा. नेपाळला निवडणूक ओळखपत्र चालते. पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, पुढे रस्त्याने सुनौलीची हद्द ओलांडली की परदेश. त्याहून लांब जायचे, तर पासपोर्टची साधी फी 1500 रुपये, आणि साठीपुढच्या माणसाला नव्या पासपोर्टच्या फीत सूटही मिळते. गुरुजींनी लिहिलेला 1 जूनचा दाखला तिथे चालतो. आणि वयाचे कारण सांगत असाल, तर देवरुखच्या पार्वतीबाई आठवले आठवा. त्या केशवपन झालेल्या विधवा होत्या. 1918 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, हिंगण्याच्या विधवांच्या आश्रमासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे परक्या घरांत मोलाने राबून राहिल्या. शंभर वर्षांनंतर आपण आपल्या आईला गुडघ्यांची आठवण करून देतो!

ज्यांच्या आईची साठी यंदा आहे, त्यांनी तिचे कार्ड आजच तिच्या हातात द्यावे. पासपोर्टच्या अर्जासाठी तिच्याबरोबर रांगेत उभे राहावे, आणि कुठे जायचे ते तिला ठरवू द्यावे.