‘मांडे’ लिहिलं म्हणून माणूस नाही?

मंडळाच्या कथास्पर्धेचा ऑनलाइन फॉर्म मी बनवला होता. त्यामुळे या लेखातला गुन्हेगार कोण, हे आधीच सांगून टाकते.

मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, खानापूर तालुक्यातून येणाऱ्या प्रथम वर्षाच्या एका मुलीने मला लायब्ररीच्या पायऱ्यांवर गाठलं. म्हणाली, "ताई, तुमचा फॉर्म मला माणूस नाही म्हणतोय की." मला आधी हसूच आलं. मग तिने मोबाईल पुढे केला. कथा आधी वहीत लिहून मग मोबाईलवर टाईप केलेली. रात्री साडेअकरानंतर तिने तीनदा पाठवायचा प्रयत्न केला होता आणि तिन्ही वेळा लाल अक्षरांत उमटलं होतं, "आपण मानव असल्याचे सिद्ध झालेले नाही." ते वाक्य मीच लिहिलं होतं. लिहिताना मला ते फार रुबाबदार वाटलं होतं.

फॉर्मच्या शेवटी मी प्रश्न ठेवला होता : ‘बेळगावचा प्रसिद्ध गोड पदार्थ कोणता?’ उत्तर, अर्थातच, कुंदा. तिने पहिल्यांदा लिहिलं ‘मांडे’. आता बेळगावचे मांडे प्रसिद्ध नाहीत असं कोण म्हणेल? लग्नाच्या रुखवतात मांडे पाहिलेल्या मुलीला तेच आठवणार. मग हॉस्टेलवरच्या मैत्रिणीला विचारून तिने ‘कुन्दा’ लिहिलं, अर्धा न काढून. वाचायला तोच शब्द, पण संगणकाच्या लेखी अनुस्वाराचा कुंदा वेगळा आणि अर्ध्या न-चा कुन्दा वेगळा, कारण दोन्हींच्या पोटातले युनिकोडचे क्रमांक वेगळे. तिसऱ्यांदा वैतागून तिने रोमन लिपीत लिहिलं. तेवढ्यात बारा वाजले.

ही पडताळणी हवीच कशाला, असं कुणी विचारेल. हवी होती. फॉर्म सुरू केला आणि दोन दिवसांत नोंदींचा ढीग साचला. स्पर्धकांच्या नावांच्या जागी रशियन अक्षरं, कथेच्या जागी कर्जाच्या आणि जुगाराच्या लिंका. हे कुणी माणूस बसून करत नाही. उघडा फॉर्म दिसला की त्यातला प्रत्येक रकाना भरून पाठवायचा, एवढंच काम करणारे प्रोग्राम सतत फिरत असतात. त्यांना आपली कथास्पर्धा कळत नाही, मराठीही कळत नाही. मी पहिल्यांदा लावलेली अटकाव-व्यवस्था तर हास्यास्पद होती. उत्तर बरोबर आहे की नाही ते ब्राउझरमध्येच तपासलं जायचं, आणि ते उत्तर पानाच्या सोर्समध्ये लिहिलेलं! बॉट काही पान उघडून वाचत बसत नाही, तो माहिती थेट सर्व्हरकडे पाठवतो. म्हणजे दाराला कुलूप, भिंतच नाही. ती तपासणी सर्व्हरवर नेली तेव्हा कुठे ढीग थांबला, आणि मी स्वतःवर खूश झाले. खानापूरची कथा त्याच खुशीत अडकली.

प्रश्न निवडतानाचीही एक गंमत सांगते. आधी मी ‘आपल्या शहराचं नाव लिहा’ असं ठेवणार होते. मैत्रिणीने हात जोडले. "बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेलगाम, यातलं तू कुठलं बरोबर धरणार? फॉर्म काढतेस की भांडण काढतेस?" खरंच होतं. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात ते बेळगावच आहे. या गावात नावाचं स्पेलिंगसुद्धा बाजू घेतं. म्हणून मी निरुपद्रवी म्हणून मिठाईकडे वळले! पण मिठाईच्या प्रश्नातही मी नकळत विचारत होते, की तू माझ्या ओळखीच्या बेळगावातली आहेस ना? कुंदा हे शहराच्या दुकानातलं उत्तर. मला माणूस ओळखायचा होता, आणि मी घेतली ती ‘आपल्यातला’ असण्याची परीक्षा. सीमाभागात अशा परीक्षा आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे दिल्यात. ती आपल्या मंडळाने घ्यावी, तीही फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात, हे मला बोचतं.

आता मंडळात सूचना आली आहे की हे घरगुती प्रश्न बंद करून सरळ चित्रांची पडताळणी बसवावी. ट्रॅफिक सिग्नल असलेले चौकोन निवडा, फायर हायड्रंट निवडा, ती. माझा विरोध आहे. फायर हायड्रंट म्हणजे अमेरिकेतल्या फुटपाथवरचा तो पाण्याचा खुंट, हे आपण शिकलो ते अशाच चित्रांतून. खडेबाजारात कुणी पाहिलाय? माझ्या कुंद्याची चूक तिथेही आहेच, फक्त गाव परकं.

शिवाय या पडताळणीचा इतिहास बघा. ॲलन ट्यूरिंगने १९५० च्या लेखात जो खेळ कल्पिला त्यात परीक्षक माणूस होता आणि समोर यंत्र आहे की माणूस ते त्याने ओळखायचं होतं. १९९७ च्या सुमारास अल्टाविस्टा या सर्च इंजिनने वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावून बॉट अडवले. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि सहकाऱ्यांनी या प्रकाराला कॅप्चा हे नाव दिलं. त्या नावातला ‘टी’ ट्यूरिंगचा, पण खुर्च्या बदललेल्या : परीक्षक यंत्र आणि कठड्यात माणूस. माणसं रोज यात एकूण पाच लाख तास घालवतात, असा हिशोब फॉन आनने स्वतःच मांडला. ती मेहनत वाया जाऊ नये म्हणून २००७ मध्ये रीकॅप्चा आलं. त्यात आपण टाईप केलेल्या शब्दांतून न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक डिजिटल झाले. २००९ मध्ये गूगलने ते विकत घेतलं. आणि २०१४ मध्ये गूगलनेच जाहीर केलं की सर्वांत अवघड वाकडी अक्षरं त्यांचा प्रोग्राम ९९.८ टक्के अचूक वाचतो. म्हणजे यंत्र पास, आणि आपण डोळे बारीक करून बसलेलो.

न्यूयॉर्क टाइम्समध्येच २०१० साली एक बातमी आली होती. स्पॅम पाठवणारे हजार कॅप्चा सोडवायला ८० सेंट ते १.२० डॉलर देतात आणि ते काम भारत, बांगलादेश, चीनमधली माणसं करतात. तिथे ‘तू माणूस आहेस का?’ या प्रश्नाचं उत्तर शंभर टक्के खरं ‘हो’ असतं, तरी फॉर्ममध्ये कचराच पडतो.

आपल्या वर्गातला दृष्टिहीन मित्र फोनवर टॉकबॅक वापरतो. चित्रांचे चौकोन त्याच्यासाठी नाहीतच, आणि आवाजाचा पर्याय निवडला तर खरखरीत कुणीतरी इंग्रजीत बोलतं. वेबचे निकष ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था २००५ पासून हेच सांगत आली आहे. आणि क्रूर विनोद असा, की २०२३ मध्ये जीपीटी-४ च्या एका चाचणीत त्या प्रोग्रामने कॅप्चा सोडवून घेण्यासाठी एका माणसाला काय सांगितलं? मी रोबोट नाही, मला नीट दिसत नाही! यंत्राने ज्याचं सोंग घेतलं, तो खरा माणूस मात्र आपल्या दाराबाहेर.

बँकेला, रेल्वेच्या तत्काळ तिकिटांना कडक पहारा लागतो, मान्य. तिथे पैसा आहे. आपल्याकडे कथा आहेत. कथास्पर्धेला किल्ल्याचा दरवाजा कशाला?

मी नवीन फॉर्म बांधतेय तो असा. एक रकाना डोळ्यांना न दिसणारा. माणूस तो भरत नाही, सगळं भरत सुटलेला बॉट भरतो. (पहिल्या प्रयत्नात टॉकबॅकने तो मित्राला वाचून दाखवला आणि बिचाऱ्याने इमाने इतबारे भरला. आता तो स्क्रीन रीडरपासूनही लपवला आहे, आणि तरी कुणाला सापडलाच तर ‘हा रिकामा ठेवा’ असं त्यावर लिहिलं आहे.) पान उघडल्यापासून तीन सेकंदांच्या आत भरून आलेला फॉर्म संशयास्पद. आणि एकच प्रश्न : ‘पाच आणि तीन मिळून किती?’ यात देवनागरी आठ, इंग्रजी आठ, अक्षरी ‘आठ’, रोमनमधलं ‘आठ’, पुढेमागे मोकळी जागा, सगळं चालेल. हे आपोआप होत नाही हं. जावास्क्रिप्टला देवनागरी ८ हा आकडाच वाटत नाही, पायथनला वाटतो. बीसीएवाल्यांनी करून बघा.

पण खरा बदल वेगळाच आहे. नापास झालेली नोंद आता फेकली जाणार नाही, बाजूच्या यादीत जाईल. समोरच्याला दिसेल, "तुमची कथा मिळाली. एकदा तपासून कळवतो." आणि ती यादी आपल्यापैकी कुणीतरी रोज डोळ्यांखालून घालेल. सेक्रेटरी म्हणाला, "एवढा कचरा कोण उपसणार?" मी उपसते. रोज दहा मिनिटं, चहा पिता पिता. जुगाराची लिंक आणि मांडे यांतला फरक मला एका नजरेत कळतो.

राहिली खानापूरची कथा. शनिवारच्या बैठकीत विषय आहे. नियम मोडला तर पायंडा पडेल असं दोघांचं म्हणणं आहे. माझं म्हणणं, ती मुदतीत तीन वेळा दारात आली होती, तिन्ही वेळा सर्व्हरवर वेळेची नोंद आहे, आणि दार मी लावलं होतं. कथा परीक्षकांकडे गेली पाहिजे, उशिराचा शेरा न मारता.

नवा फॉर्म सोमवारपासून उघडा असेल. प्रत्येकाने एकदा भरून बघा, शक्य तितक्या चुकीच्या पद्धतीने. कानडी आकडे टाकून बघा, जुन्या फोनवरून बघा, आजीला भरायला द्या. कुणाला अडवलं तर मला लायब्ररीच्या पायऱ्यांवर येऊन सांगा.