होडी छोटी आहे? मग वळायला शिका!



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय बघून तुमच्यापैकी अनेकांना वाटलं असेल, सरांना आज झालं तरी काय? धंद्याचं सोडून मासे पकडायला निघाले, आणि तेही थेट अमेरिकेतल्या सरोवरात! व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून मुद्दा इथे सविस्तर लिहितोय. वाचाच, कारण आज मला एका लोकप्रिय सल्ल्याच्या विरोधात बोलायचं आहे.

तो सल्ला तुम्ही नक्की ऐकला असेल. "जितके जास्त गळ टाकाल, तितके जास्त मासे लागतील." म्हणून मग सुरुवातीलाच वीस प्रॉडक्ट, पाच सोशल मीडिया पेज, तीन शहरांत डिलिव्हरी. माझं स्पष्ट मत आहे की छोट्या उद्योजकासाठी हा सल्ला घातक आहे. आणि गंमत म्हणजे, जे खरोखर गळ टाकून मासे पकडतात, ते छोट्या होडीत असं करत नाहीत!

आधी समजून घ्या, हे ट्रोलिंग काय असतं

कमेंटमध्ये शिव्या घालणारे ट्रोल आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत. ते बाजूला ठेवा. कोकणात ट्रॉलर जाळी ओढतो, तेही हे नाही. ट्रोलिंग म्हणजे होडी हळूहळू चालवत ठेवायची आणि मागे गळ ओढत न्यायचे. गळाला किडा किंवा कोळंबी नसते, तर बहुतेक वेळा चमच्यासारखा धातूचा चकचकीत तुकडा असतो. तो पाण्यात डुलतो आणि सामन किंवा ट्राउट माशाला वाटतं, जखमी मासोळी पळतेय.

हे चालतं कुठे? अमेरिका आणि कॅनडाच्या मधल्या ग्रेट लेक्समध्ये, म्हणजे पाच प्रचंड सरोवरांमध्ये. त्यातलं एकटं लेक मिशिगन साधारण ५८,००० चौरस किलोमीटरचं आहे. आपला अख्खा कोकण विभाग त्याच्या जवळपास निम्मा भरेल. सर्वात खोल जागी पाणी २८१ मीटर. तुमचे कोणी नातेवाईक शिकागोला असतील तर विचारा, समोरचा किनारा दिसतो का म्हणून!

आता या पाण्यात दोन प्रकारचे लोक उतरतात. एक मोठ्या चार्टर बोटी. पैसे भरून आलेली सहा गिऱ्हाइकं, लायसन्सवाला कॅप्टन, मदतनीस आणि मागे दहा-पंधरा गळ. आणि दुसरे म्हणजे गाडीमागे ट्रेलरवर होडी ओढत आणणारे दोन मित्र. होडी सोळा ते वीस फुटांची. मित्रांनो, या दुसऱ्या होडीत आपण बसलोय.

मोठ्याची नक्कल करू नका

मिशिगन राज्यात एका माणसाला तीन गळ वापरता येतात. म्हणजे दोघांत सहा. कायद्याने परवानगी आहे, मग टाका सहाच्या सहा! बरोबर ना?

टाकून बघा. एक जण सुकाणूवर. दुसऱ्याच्या हातात सहा दोऱ्या. तेवढ्यात आठ-दहा किलोचा चिनूक सामन लागतो. तो डावीकडून उजवीकडे पळतो आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येक दोरीला वेढा घालतो. आता मासाही जातो आणि पुढचा तास गुंता सोडवण्यात जातो. मोठ्या बोटीला हा गुंता परवडतो, कारण तिथे मदतनीस असतो, जागा असते आणि एक मासा गेला तरी दहा गळ शिल्लक असतात. म्हणून माझ्या मते छोट्या होडीने तीन-चार गळांवर सुरुवात करावी आणि प्रत्येक गळ *का* टाकलाय हे माहीत असावं.

हा "का" महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात या सरोवराचं पाणी थरांत विभागलं जातं. वर कोमट, खाली थंडगार आणि मधे एक पट्टा जिथे तापमान झपाट्याने बदलतं. चिनूकला साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचं पाणी आवडतं. लेक ट्राउट अजून थंड पाण्यात, बऱ्याचदा तळाजवळ. स्टीलहेड ट्राउट मात्र पुष्कळदा वरच्या पाण्यात. म्हणजे सरोवर कितीही अफाट असलं तरी तुमचा मासा एका ठरावीक पट्ट्यात आहे. गळ तिथे पोचवायला डाउनरिगर वापरतात. तारेला चार-पाच किलोचा वजनाचा गोळा, त्याला चिमट्यात अडकवलेली गळाची दोरी. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते.

योग्य खोलीवरचे तीन गळ विरुद्ध चुकीच्या खोलीवरचे पंधरा. तुम्हीच सांगा, कोण जिंकेल?

मसाल्याच्या धंद्यात बावीस प्रकार घेऊन उतरणाऱ्या ताईंना मी हेच सांगतो. तुमच्याकडे माणसं दोन, भांडवल बेताचं. बावीस मसाल्यांचा कच्चा माल, पॅकिंग, एक्सपायरी, हिशोब… गुंता होणारच. तीन मसाले घ्या. पण ते कुणाच्या स्वयंपाकघरात जाणार, हे पक्कं ठाऊक असू द्या.

वळणावर मासा बोलतो

आता माझा मुख्य मुद्दा. सरळ रेषेत होडी नेणारा फार शिकत नाही. जाणकार माणूस मुद्दाम हलकी वळणं घेत जातो. का? होडी वळली की आतल्या बाजूचे गळ मंदावतात आणि खाली बसतात. बाहेरच्या बाजूचे वेग पकडतात आणि वर येतात. डाउनरिगरवर हा फरक कमी, लांब सोडलेल्या दोऱ्यांवर जास्त. मासा बाहेरच्या गळाला लागला, तर तो सांगतोय, "थोडं जोरात चला." आतल्या गळाला लागला तर, "हळू, आणि जरा खाली." एका वळणात दोन प्रयोग, तेही जवळपास फुकटात!

वेगाची अजून एक गंमत ऐका. सामनसाठी होडी साधारण ताशी साडेतीन ते साडेचार किलोमीटरने चालवतात, म्हणजे माणसाच्या चालण्याच्या वेगाने. पण खाली, गोळ्याच्या खोलीवर, पाण्याचा वेगळाच प्रवाह असू शकतो. जीपीएसवर दोन्ही दिशांना आकडा तोच दिसतो, पण उत्तरेला जाताना मासे लागतात आणि दक्षिणेला येताना एकही नाही. कारण खाली गळाचा खरा वेग वेगळा असतो. म्हणून अनुभवी लोक खालचा वेग आणि तापमान मोजणारं यंत्र गोळ्याजवळ लावतात. ते नसेल तर निदान दोरीचा कोन बघतात आणि वहीत लिहितात. वेळ, खोली, वेग, दिशा, चमच्याचा रंग.

आपल्या धंद्यात वरचा आकडा म्हणजे व्ह्यूज, लाइक्स, एकूण विक्री. खालचा आकडा म्हणजे परत आलेलं गिऱ्हाईक आणि हातात उरलेला पैसा. तुम्ही कोणता मोजताय?

"सर, सारखं वळत राहिलो तर पोचणार कधी?" हा प्रश्न येणारच. रास्त आहे. दर दोन मिनिटांनी चमचा बदलणारा माणूस रिकाम्या हाताने घरी जातो, कारण त्याचा गळ पाण्यात कमी आणि हातात जास्त असतो. वळा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. खोली बदलली तर रंग तसाच ठेवा. मग पुरेसा वेळ द्या आणि लिहून ठेवा. नोंद ठेवून बदलणं वेगळं आणि घाबरून धडपडणं वेगळं.

तुमचा मासा काय खातो?

आता थोडा इतिहास, कारण यात खरे संसार अडकलेले आहेत.

चिनूक आणि कोहो हे सामन मूळचे प्रशांत महासागराकडचे. ग्रेट लेक्समधला पूर्वीचा मोठा शिकारी मासा म्हणजे लेक ट्राउट. बेसुमार मासेमारी आणि समुद्रातून आलेला रक्तपिपासू लॅम्प्री यांनी त्याचा जवळपास खात्मा केला. शिकारी गेला, आणि अलेवाइफ नावाचा, दिसायला आपल्या तारलीसारखा परका मासा बेसुमार वाढला. १९६७ च्या उन्हाळ्यात तर लेक मिशिगनच्या किनाऱ्यांवर मेलेल्या अलेवाइफचे ढीग पडले. हॉवर्ड टॅनर १९६४ मध्ये मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे प्रमुख झाले. त्यांनी ही घाण संधी म्हणून पाहिली. अलेवाइफ खायला १९६६ मध्ये कोहो सोडले, पुढच्या वर्षी चिनूक. डाव जमला. बंदरं गजबजली. चार्टर बोटी, मोटेल, गळाची दुकानं, सगळ्यांचं बस्तान बसलं.

पण शेजारच्या लेक ह्युरॉनमध्ये काय झालं बघा. सामन नद्यांमध्ये स्वतःच पैदास करू लागले, खाणारी तोंडं वाढली. त्याच काळात बाहेरून आलेल्या शिंपल्यांनी पाणी गाळून गाळून सूक्ष्म अन्न संपवलं. २००३-०४ च्या सुमारास अलेवाइफ कोसळले आणि मागोमाग चिनूकही. बंदरात सगळं जागच्या जागी होतं. बोटी चांगल्या, कॅप्टन हुशार, गळ महागाचे. माशाचं खाणंच संपलं, त्याला कोण काय करणार?

ज्यांची ओळख "फक्त चिनूक" एवढीच होती, त्यांना सर्वात मोठा फटका बसला. काहींनी बोटी दुसऱ्या सरोवरात नेल्या. काही लेक ट्राउटकडे आणि वॉलाय नावाच्या माशाकडे वळले. अलेवाइफ गेल्यामुळे वॉलायची पिल्लं उलट जास्त जगू लागली होती! इथे छोट्या होडीचा फायदा कळतो. ती ट्रेलरवर चढते आणि उद्या दुसऱ्या बंदरात उतरते.

म्हणून विचारा, माझं गिऱ्हाईक कशावर जगतं? तुमची टिफिन सर्व्हिस एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांवर चालते का? ती कंपनी दुसरीकडे हलली तर? तुमच्या डब्याची चव तेव्हाही तीच असेल, पण जेवणारे नसतील.

शेवटचं वळण: किनाऱ्याकडे

मासे सोडल्यानंतरचा पहिला मोठा हंगाम, सप्टेंबर १९६७. मिशिगनमध्ये कोहोचं अक्षरशः वेड लागलं होतं. २३ सप्टेंबरला प्लॅट बे आणि फ्रँकफोर्ट परिसरात शेकडो लहान होड्या पाण्यात होत्या. वादळाचा इशारा दिलेला होता. पण मासे लागत होते! वारा उठला, लाटा चढल्या, होड्या उलटल्या. सात जणांचा जीव गेला.

या सरोवरांच्या लाटा जवळजवळ आणि उभ्या येतात. मोठी बोट त्या सोसते, सोळा फुटी होडी नाही सोसत. म्हणून शहाणा माणूस पहाटे निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज बघतो आणि किती वाऱ्याला परतायचं ते *किनाऱ्यावरच* ठरवतो. पाण्यात, मासा लागत असताना, कुणाचीही बुद्धी ठिकाणावर नसते.

आपल्याकडे "हार मानू नका" असं सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. मी आज उलट सांगतोय. परतायची खूण आधी ठरवा. घरातली किती रक्कम धंद्यात जाईल, किती महिने तोटा सोसायचा, कोणत्या दागिन्याला हात लावायचा नाही, हे आजच लिहा आणि घरच्यांना दाखवा. परत आलेली होडी उद्या पुन्हा जाऊ शकते. बुडालेली नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमचे सगळे "गळ" लिहा. प्रॉडक्ट, पेज, दुकानं, सगळं. ज्याच्यापुढे "का" लिहिता येत नाही, तो गळ वर ओढा.

२. एकच गोष्ट निवडा. किंमत, वेळ किंवा पॅकिंग. पंधरा दिवस फक्त तीच बदला आणि रोज वहीत नोंद करा.

३. तुमचं गिऱ्हाईक कशावर जगतं ते एका ओळीत लिहा. आणि त्याखाली तुमची परतायची खूण.

झालं की कमेंटमध्ये सांगा, तुम्ही कोणता गळ वर ओढलात. मी प्रत्येक कमेंट वाचतो. ट्रोल करणाऱ्यांचीसुद्धा!