कॉन्कॉर्ड विमानांस छप्पर हवें

जुन्या वस्तूंचें जतन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें ताम्रपट, नाणीं, मूर्ति अथवा हस्तलिखित पोथ्या उभ्या राहतात. या वस्तु उन्हापावसांत ठेवाव्या असें कोणी सुचविल्यास आपण त्यास वेड्यांत काढूं. परंतु तीच वस्तु दोनशें फूट लांब असली आणि तिला पंख असले, म्हणजे मात्र शहाण्यासुरत्या माणसांचें मतही पालटतें. विमान हें मुळांतच उघड्यावरचें यंत्र; तें पावसांत राहिलें तर बिघडलें कोठें, असें तीं विचारतात. हा प्रश्न वाटतो तितका बिनतोड नाहीं, हें कॉन्कॉर्ड विमानांच्या हकीकतीवरून कळून येण्याजोगें आहे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं सर्वांचाच जन्म हें विमान उडावयाचें थांबल्यानंतरचा. तेव्हां पालकांस ठाऊक असलेली थोडी माहिती त्यांच्याकरितां पुन्हा सांगणें प्राप्त आहे. ब्रिटन व फ्रान्स या दोन राष्ट्रांनीं १९६२ सालीं करार करून ध्वनीहून वेगवान असें उतारूंचें विमान बांधावयास घेतलें. २ मार्च १९६९ रोजीं आंद्रे तुर्का यांनीं पहिलें विमान तुलूझ येथून आकाशांत नेलें. पुढें पांच आठवड्यांनीं ब्रायन ट्रबशॉ यांनीं दुसरें विमान इंग्लंडांतील फिल्टनहून उडविलें. २१ जानेवारी १९७६ पासून उतारूंची ने-आण सुरू झाली. ध्वनीच्या दुप्पट वेगानें आणि साठ हजार फुटांपर्यंतच्या उंचीवरून जाणारें हें विमान लंडनहून न्यूयॉर्कास सुमारें साडेतीन तासांत पोंचत असे. अशीं विमानें एकंदर वीसच बांधलीं गेलीं. २००३ च्या नोव्हेंबरांत शेवटचें उड्डाण झालें, आणि उरलेलीं अठरा विमानें निरनिराळ्या देशांतील संग्रहालयांत व विमानतळांवर जाऊन बसलीं. त्यांपैकीं सुमारें निम्म्यांसच चार भिंती व छप्पर लाभलें आहे.

वीसांतून अठरा कशीं उरलीं, हें समजून घेण्यासारखें आहे. एक २५ जुलै २००० रोजीं पॅरिसजवळ कोसळलें. धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या पट्टीवरून त्याचें चाक गेलें, टायर फुटला, त्याचा तुकडा तेलाच्या टाकीखालीं आदळला व आग लागली. विमानांतील १०९ आणि जमिनीवरील ४ माणसें मृत्यु पावलीं. दुसरें विमान मात्र कोणत्याही अपघातानें गेलें नाहीं. फ्रेंच कंपनीनें १९८२ सालीं तें सेवेतून काढलें, त्याचे उपयोगी भाग इतर विमानांकडे गेले, उरलेला सांगाडा उघड्यावर झिजत राहिला व अखेर १९९४ सालीं मोडींत निघाला. एका विमानाचा नाश क्षणांत झाला, दुसऱ्याचा बारा वर्षें सावकाश चालला होता आणि तो येणाऱ्याजाणाऱ्यास दिसत होता. माझ्या मतें यांतील अधिक लाजिरवाणी गोष्ट दुसरी.

आतां तो उघड्यावरच्या यंत्राचा मुद्दा. कॉन्कॉर्डचें अंग मुख्यतः ॲल्युमिनियमच्या एका खास मिश्रधातूचें आहे. दुप्पट वेगानें जातांना हवेच्या दाबानें व घर्षणानें तें इतकें तापे कीं नाकाच्या टोंकाशीं उष्णता १२७ अंश सेंटिग्रेडपर्यंत जाई. तापलेला धातु प्रसरण पावतो, हा पदार्थविज्ञानांतील धडा येथें डोळ्यांनीं पाहावयास मिळे. कारण साऱ्या विमानाची लांबी उड्डाणांत सहा ते दहा इंचांनीं वाढत असे. चालकांच्या खोलींत अभियंत्याच्या यंत्रफलकापाशीं त्या वेळीं एक फट पडे. शेवटच्या फेरींत एका अभियंत्यानें आपली टोपी त्या फटींत सारली. विमान निवालें, फट मिटली, आणि टोपी जी अडकली ती अडकलीच. तें विमान अमेरिकेंत सीॲटल येथें आहे.

या उष्णतेचा एक उपकार असा कीं, अंगांत सांचलेली ओल प्रत्येक उड्डाणांत वाळून जात असे. म्हणजे उडतें विमान स्वतःस स्वतःच कोरडें ठेवी. जमिनीवर कायमचें उभें केलेल्या विमानास ही सोय उरत नाहीं. रात्रीच्या गारव्यानें आंत दंव धरतें, सांध्यांत पाणी शिरतें, धातूवर पांढुरकी बुरशी चढल्यासारखें क्षरण होतें, उन्हानें रबरी पट्ट्यांस भेगा जातात, रंग विटतो, आणि पांखरें जागा मिळेल तेथें घरटीं करतात. पावसांतून उडणें आणि पावसांत उभें राहणें या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढेंच माझें म्हणणें.

खर्चाचा आक्षेप याहून वजनदार आहे व त्यास टाळून चालणार नाहीं. कॉन्कॉर्डचें भाडें श्रीमंतांसच परवडे. तें तेल फार पीत असे. त्याच्या ध्वनिस्फोटानें लोकवस्तीवरून त्या वेगानें जाण्यास अनेक देशांनीं बंदी केली. आमच्या एअर इंडियानेंही दोन विमानांसाठीं हक्क राखून ठेविला होता, तो पुढें सोडून दिला. विमान कंपन्या अशीच पाठ फिरवीत गेल्या व अखेर चौदाच विमानें उतारूंच्या सेवेंत आलीं, तींही दोन राष्ट्रांच्या दोनच कंपन्यांकडे. अशा फसलेल्या व्यापारावर आणखी पैसा कां घालावा? याचें उत्तर त्या पैशाच्या उगमांतच आहे. विमान बांधण्याचा प्रचंड खर्च दोन्ही देशांच्या सरकारी तिजोरींतून झाला. ज्या खाणकामगारानें, ज्या शेतकऱ्यानें तो कर भरला त्यास त्यांत बसावयास कधीं मिळालें नाहीं. निदान त्याच्या नातवंडांस तें जवळून पाहतां यावें, आणि धड स्थितींत पाहतां यावें, हें त्या कुटुंबाचें घेणें आहे. व्यापार फसला म्हणून विद्या फसत नाहीं. शिवाय चांगल्या संग्रहालयानें त्या आगीची व त्या ११३ जीवांची हकीकतही विमानाशेजारींच सांगावी. नुसती वाहवा लिहिलेली पाटी मला पसंत नाहीं.

कांहीं ठिकाणीं हें काम मनापासून झालेलें आहे. स्कॉटलंडांतील ईस्ट फॉर्च्यून येथें जावयाचें विमान २००४ सालीं पंख उतरवून पडावावर चढविलें, थेम्स नदींतून व समुद्रमार्गें नेलें, पुढें रस्त्यानें ओढलें, आणि मग विमानघरांत त्यास पुन्हा पंख जोडले. मँचेस्टरच्या विमानतळावरील विमानास २००९ सालीं घर मिळालें. पॅरिसजवळ ल बूर्जे येथें पहिलें कॉन्कॉर्ड छपराखालीं आहे. याच विमानानें ३० जून १९७३ रोजीं आफ्रिकेवरून चंद्राच्या छायेचा पाठलाग करून शास्त्रज्ञांस ७४ मिनिटें खग्रास सूर्यग्रहण दाखविलें. त्यासाठीं त्याच्या पाठीस झरोके पाडले होते. जमिनीवरून खग्रास ग्रहण साडेसात मिनिटांहून अधिक दिसत नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या यंत्राचें मोल कळेल.

याच्या उलट जर्मनींत झिन्सहाइम येथील संग्रहालय पाहा. तेथें कॉन्कॉर्ड आणि त्याचा रशियन प्रतिस्पर्धी तुपोलेव्ह १४४ हीं दोन्ही एकत्र आहेत. असा योग जगांत दुसरीकडे नाहीं. परंतु तीं इमारतीच्या छपराखालीं न ठेवतां छपरावर, नाक वर करून चढविलीं आहेत. दुरून देखावा उत्तम दिसतो, यांत संशय नाहीं. तरी दिवा पदराआड धरावयाचा सोडून वाऱ्यावर धरिल्यासारखें मला तें वाटतें. न्यूयॉर्कचें विमान खाऱ्या पाण्याच्या कांठीं उघड्यावर असतें. २०२३ सालीं तें पडावावरून दुरुस्तीस न्यावें लागलें व २०२४ सालीं परत आलें. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक नुसतें उभें आहे. हीथ्रोसारख्या श्रीमंत विमानतळास एक छप्पर जड जावें, हें पटत नाहीं.

ज्यांस भिंतींचा खर्च झेपत नाहीं त्यांनीं सीॲटलप्रमाणें निदान वरचें आच्छादन तरी घालावें. त्यानें हवेंतील ओल थांबत नाहीं, पण ऊन व पाऊस थांबतात. एखादें कॉन्कॉर्ड पुन्हा उडवावें असे बेत मधून मधून निघतात, त्यांवर मात्र मी वर्गणीची एक पैही देणार नाहीं; निर्मात्यांनीं देखभालीची जबाबदारी २००३ सालींच सोडली आहे.

आमच्या वाचकांपैकीं कोणाचे आप्त इंग्लंडांत असतील, तर त्यांनीं यॉव्हिल्टन येथील नौदलाच्या विमान संग्रहालयांत अवश्य जावें. ट्रबशॉ यांनीं उडविलेलें तें दुसरें विमान तेथें १९७६ पासून आहे व आज छपराखालीं आहे. पूर्वेकडील देशांच्या दौऱ्यावर निघालेलें हेंच विमान १९७२ च्या जून महिन्यांत मुंबईस उतरलें होतें.