रक्ताची चौकशी बंद करा

दौंडच्या घरी मी पहिल्यांदा ‘मांगा’ हा शब्द उच्चारला तेव्हा आजी दचकली. “मांगांचं बुक हाय का रं?” म्हणत तिनं ते पुस्तक काठीनं लांब सारलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. मी हसलो. म्हणालो, आजे, जपानी चित्रकथेला मांगा म्हणतात. आज त्या हसण्याची लाज वाटते.

मी गोदीत हमाली करतो. मॅट्रिक आहे, कविता लिहितो. ते पुस्तक रद्दीतून आणलं होतं माझ्या दोस्तानं. तो शिरूर तालुक्यातला, फासेपारधी. दौंडला आम्ही एका बाकावर शिकलो, मुंबईत एका खोलीत राहतो. पुढचे भाग दोघांनी एकाच मोबाइलवर वाचले. नाव ‘वन पीस’. एइचिरो ओडा ती १९९७ पासून लिहितोय.

त्यात लुफी, एस आणि साबो ही तीन पोरं दारूचा पेला वाटून भाऊ होतात. नातं रक्ताचं नाही, पेल्याचं. पुढं नौदल एसला फाशीच्या चौथऱ्यावर आणतं. तो स्वतः समुद्री डाकू आहेच. पण साऱ्या जगाला ओरडून सांगितलं जातं ते वेगळंच: हा डाकूंच्या राजाचा, रॉजरचा पोरगा. बाप पोर जन्मायच्या आधीच मेलेला, तरी त्याचं रक्त गुन्हेगार. आणि एसला सोडवायला सगळं आरमार घेऊन येतो तो व्हाइटबिअर्ड. जन्म न देता झालेला बाप.

दोस्त इथं थांबला. म्हणाला, “ही आमचीच गोष्ट हाय.”

खरंच आहे. १८७१ साली इंग्रजानं कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पुढं तो आपल्या मुलखातही आला. १९५२ साली तो रद्द झाला. पण गावात चोरी झाली की अजून पहिली झडती पारध्यांच्या पालावर.

तरी माझं या चित्रकथांशी भांडण आहे. त्या रक्ताला शिव्या देतात आणि शेवटी रक्तापुढंच वाकतात. लुफीचा बाप क्रांतिकारकांचा पुढारी निघतो, आजा नौदलाचा नामांकित सेनानी. ‘नारुतो’मधलं गावानं हिडीसफिडीस केलेलं अनाथ पोरगं शेवटी गावच्या चौथ्या प्रमुखाचाच मुलगा निघतं. म्हंजे कर्तबगारीचा पुरावा वंशावळीतच! ज्याचा बाप खरंच कोणी नव्हता त्यानं काय करायचं?

आपल्याकडं हे जुनंच आहे. १९६७ साली ‘मृत्युंजय’ आली आणि मराठी घरं कर्णासाठी रडली. का? सूताघरी वाढलेला पोर मुळात क्षत्रिय होता म्हणून. तो अधिरथ-राधेच्या पोटचाच असता तर कोण रडलं असतं? कर्ण शहाणा होता. कृष्णानं जन्माचं खरं सांगितल्यावरही त्यानं राधेला सोडलं नाही. वाचकांनीच तिला विसरून टाकलं.

आता आपल्याबद्दल बोलू. शिरूर तालुक्यातच वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ महाराची समाधी आहे. १६८९ मध्ये औरंगजेबानं संभाजी महाराजांना मारलं, तेव्हा जिवावर उदार होऊन गोविंदानं अंत्यविधी केला, असं आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. डिसेंबर २०१७ मध्ये त्या समाधीची मोडतोड झाली. आपण चवताळलो, बरोबरच केलं. ना जात एक, ना रक्त, तरी अग्नी दिला, हा आपला अभिमान.

मग ऐका. यंदा माझ्या चुलत बहिणीनं घरी सांगितलं, लग्न करीन तर ह्याच्याशीच. ‘हा’ म्हंजे माझा दोस्त. बैठक बसली. दर १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाणारे काका म्हणाले, “पोरगा लाख चांगलाय. पण पारधी.” दोस्तानं माझ्याकडं पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं. दहा वर्षं एका ताटात जेवलेला मी, कवी, विद्रोही. गप्प बसलो साला.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये सांगून ठेवलंय. एका पंगतीत जेवल्यानं जात मरत नाही. जातीबाहेर लग्नं हाच खरा इलाज. रक्त मिसळल्याशिवाय आपलेपणा येत नाही. ओडाची पोरं पेल्यापर्यंत आली. आपणही पेल्यापर्यंतच आलो. मोर्चात भाऊ, खोलीत भाऊ, आणि सोयरिकीच्या वेळी “पाव्हणं, कोण तुमी?”

दोस्तहो, मनूचा पुतळा जाळणं सोपं आहे. काकांसमोर तोंड उघडणं अवघड आहे. ही बहीण एकटी उभी राहिली, आमच्यातला एकही पुरुष तिच्या बाजूला नव्हता.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. ह्या वेळी पहिला मी बोलणार. आजीनं काठी उगारली तरी बोलणार.