अटकाव असावा, अपाय नसावा

बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील सिरसाळा या गावातले एखादे जुने, माळवदाचे घर डोळ्यांसमोर आणावे. मध्ये चौक, चौकाच्या एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला देवघर आणि मागे गोठा. चातुर्मास सुरू झाला आहे, पाऊस लागला आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, ओटा पुसला जातो आणि स्वयंपाकघरातला दिवा मालवतो. माणसांचा तेथला वावर संपतो आणि मांजराचा सुरू होतो. पहाटे पाहावे तर दुधाच्या पातेल्यावरचे झाकण जमिनीवर पडलेले असते, ओट्यावर ओल्या पंजांचे ठसे उमटलेले असतात आणि उष्टे झालेले दूध टाकून देण्यावाचून सूनबाईंना गत्यंतर उरत नाही.

आठ दिवसांत तिसऱ्यांदा असे घडले म्हणजे घरात निरनिराळी मते पडू लागतात. आजोबांचे म्हणणे, मांजर पोत्यात घालून दूर कोठेतरी सोडून यावे. शेजारी सुचवतात, कोपऱ्याकोपऱ्यांत डांबरगोळ्या टाका, फिनाइल शिंपडा. महाविद्यालयात शिकणारा नातू मोबाइलवर अल्ट्रासोनिक यंत्राची जाहिरात दाखवतो. सर्वांचे ऐकून झाल्यावर आजी एवढेच विचारतात, "लेकरा, ते येतं कशासाठी, ते कुणी पाहिलं का?"

प्रश्न साधा वाटतो. परंतु अटकावाच्या प्रत्येक साधनाचे यशापयश या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. श्रावकाच्या घरी मांजर पाळण्याची रीत सहसा नाही. शिकारी प्राणी पोसणे जैन आचारग्रंथांनी वर्ज्य मानले आहे. त्यामुळे अशा घरी मांजर पाळलेले नसते, ते आपणहून येते. त्याला हाक मारून बोलावता येत नाही, रागावून शिकवताही येत नाही. काठी उगारली तर ते ओट्याला नव्हे, काठी उगारणाऱ्या माणसाला भिऊ लागते आणि माणूस झोपण्याची वाट पाहते. म्हणून जे करावयाचे ते जागेच्या बाबतीत करावे लागते.

मांजर घरात शिरते त्याची कारणे मोजकी आहेत. पहिले अन्न, त्यात दूध आले, तसेच धान्यामागे येणारे उंदीरही आले. दुसरे ऊब, विझलेल्या चुलीजवळची, फ्रीजमागची किंवा बाळाच्या पाळण्यातली. तिसरे उंची, कारण उंचावर बसून चहूकडे पाहणे हा त्याचा स्वभाव आहे. चौथे आडोसा, पावसापासून, कुत्र्यांपासून आणि विशेषतः पिल्ले घालण्यासाठी. कारण ओळखल्याशिवाय आणलेले साधन म्हणजे रोगाचे निदान न करता घेतलेले औषध होय.

आपल्याकडील जुन्या गृहिणींनी यातील पहिले कारण पुरते ओळखले होते. शिंके हे मांजराला अटकाव करणारे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित साधन. आढ्याला टांगलेल्या दोरीच्या जाळ्यात दूध, दही, लोणी ठेवावयाचे. जवळ भिंत नाही, फळी नाही, उडी मारण्यास आधार नाही. पुढे दुभत्याचे कपाट आले. त्याच्या बारीक जाळीतून हवा खेळत असे, पण पंजा आत जात नसे. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्यांनाही अटकाव होई. झाकणावर पाटा किंवा जड वरवंटा ठेवण्याची पद्धतही याच जातीची. या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांनी मांजराला काहीच केले नाही. वस्तू त्याच्या आवाक्याबाहेर नेली, इतकेच. 'शिंके तुटले आणि बोक्याचे फावले' ही म्हणसुद्धा दोष तुटलेल्या शिंक्याकडे देते. बोका संधी साधणार हे तिने गृहीतच धरले आहे.

आता बाजारात मिळणाऱ्या नव्या साधनांकडे वळू. अल्ट्रासोनिक म्हणजे श्रव्यातीत ध्वनीचे यंत्र हालचाल टिपते आणि माणसाला ऐकू न येणारा तीक्ष्ण आवाज सोडते. माणसाच्या श्रवणाची वरची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ, तर मांजराची सुमारे ८५,००० हर्ट्झ. त्यामुळे कल्पना शास्त्राला धरून आहे. ब्रिटनमध्ये घरांच्या बागांत घेतलेल्या अशा यंत्राच्या चाचण्यांचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन प्रयोगांपैकी एकात मांजर बागेत शिरण्याची शक्यता सुमारे ३२ टक्क्यांनी घटली, दुसऱ्यात तशी घट दिसली नाही. बागेत थांबण्याचा काळ मात्र दोन्ही प्रयोगांत कमी झाला, एकात ३८ आणि दुसऱ्यात २२ टक्क्यांनी. म्हणजे उपयोग आहे, पण मध्यम आहे. जाहिरातीतील पूर्ण बंदोबस्ताच्या हमीला त्याचा आधार नाही.

शिवाय हे प्रयोग उघड्या बागेतले होते. घरात असा आवाज भिंतीपलीकडे पोहोचत नाही. कपाट वा पिंप आड आले तरी अडतो. यंत्र लावण्यापूर्वी आणखी एक विचार आवश्यक आहे. गायीला सुमारे ३५,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. स्वयंपाकघराच्या मागील दारी यंत्र लावले आणि त्याचे तोंड गोठ्याकडे राहिले, तर रात्रभर त्रास होईल तो दावणीला बांधलेल्या गायवासराला; मांजर निदान पळून तरी जाऊ शकते. काही यंत्रांचा आवाज मानवी श्रवणाच्या काठावर असतो, तो लहान मुलांना ऐकू येऊ शकतो. आणि पांढऱ्या रंगाच्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत जन्मजात बहिरेपणा अधिक आढळतो. तशा मांजरापुढे हे यंत्र निरुपयोगीच.

यापेक्षा स्वस्त आणि निरुपद्रवी उपाय घरातच आहेत. ओट्याच्या कडेवर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पसरली की तिचा चुरचुरणारा आवाज आणि पायाखालचा अनोळखी स्पर्श मांजराला नकोसा वाटतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी पुठ्ठ्यावर लावून तो पुठ्ठा उडी मारण्याच्या जागी ठेवता येतो. पट्टी मात्र साधी हवी. उंदीर पकडण्याचा चिकट सापळा तेथे चुकूनही वापरू नये. त्यात कोणताही जीव अडकून तडफडतो. त्याहून साधी गोष्ट म्हणजे ओट्याशेजारचे स्टूल किंवा पिंप हलवणे, कारण मांजर बहुधा पायरी पायरीने वर चढते. पाळण्यावर ताणलेली मच्छरदाणी, देवघराला जाळीचे दार आणि उन्हाळ्यात गच्चीवरील कुरडया-पापडांवर खालून दाबून बसवलेली जाळी, एवढ्याने बरेच काम होते. पक्ष्यांसाठी दाणे टाकणाऱ्या घरांनी तर अधिक जपावे. दाणे कुंड्यांच्या किंवा झुडपांच्या आडोशाजवळ टाकू नयेत आणि सायंकाळी उरलेले उचलून घ्यावेत. नाहीतर दया म्हणून टाकलेला दाणा पारव्याला मांजराच्या तोंडी देतो.

आता शेजाऱ्यांच्या सल्ल्याकडे. मांजर दिवसाचा बराच वेळ स्वतःचे अंग चाटण्यात घालवते. पायाला जे लागेल ते त्याच्या पोटात जाते. फिनाइलसारख्या जंतुनाशकांतील फिनॉल वर्गाची द्रव्ये निष्प्रभ करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फारच अल्प असते. ओल्या फिनाइलवरून चालून गेलेले मांजर नंतर दूर कोठेतरी आजारी पडते. घरच्यांना मात्र एवढेच दिसते की 'उपाय लागू पडला'. डांबरगोळ्यांतील नॅप्थलीनही विषारी आहे, आणि गोळ्या रांगत्या बाळाच्या हाती लागण्याचा धोका वेगळाच. तिखटाची पूड डोळ्यांत, नाकात गेली की होणारी आग ही इजाच होय. उकळते पाणी आणि विजेच्या तारा यांचा तर उच्चारही नको.

पोत्यात घालून दूर सोडण्याचा उपाय वरवर सौम्य वाटतो, पण तोही तसा नाही. अनोळखी जागी टाकलेल्या मांजराला पाणी, अन्न, आडोसा यांपैकी काहीच ठाऊक नसते. आणि घर सोडवत नसेल तर ते परतूनही येते. उपासमार वा तहान ओढवेल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. प्राण्याला विष घालणे, मारणे वा लुळेपांगळे करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कायदा नंतरचा, अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार फार पूर्वीचे आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पोते हा बंधच, आणि परक्या रानात सोडणे अन्नपाननिरोधाच्या जवळ जाते, हे आजोबांनाही पटते.

अखेर असे ठरते की माळवदातील सवण्याला लोखंडी जाळी ठोकावी. मांजराची वाट तीच आहे. नातू शिडी लावतो, जाळी कापतो. इतक्यात आजी पुन्हा म्हणतात, "थांब. आधी माळ्यावर बॅटरी मारून बघ."

माळ्यावर जुन्या टोपल्यांमागे, फाटक्या गोधडीवर तीन पिल्ले असतात. डोळे नुकतेच उघडलेले.

जाळी ठोकली गेली असती तर आई बाहेर आणि पिल्ले आत राहिली असती. कोणाच्याही मनात हिंसा नसताना, केवळ एका तपासणीअभावी, तीन जीव उपाशी गेले असते. पावसाळ्यात घराची भोके बुजवताना, माळा बंद करताना, जुनी खोली कुलूपबंद करताना ही चूक सहज घडू शकते. आणि ती घडल्याचे कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

अशा वेळी घाई करू नये. पिल्लांचे डोळे जन्मानंतर सुमारे आठवडा ते दोन आठवड्यांत उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून ती चालू लागतात आणि सहा ते आठ आठवड्यांत आईचे दूध सुटते. तोपर्यंत दूध-दही जाळीच्या कपाटात हलवावे, म्हणजे भांडणाचे मूळच राहत नाही. गोठ्याच्या कोरड्या कोपऱ्यात एक खोके आडवे ठेवून त्यात जुने गोणपाट अंथरावे. पिल्लांना विनाकारण हाताळू नये. मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते असे म्हणतात. आकडा कोणी मोजला नसला तरी जागा बदलण्याचा तिचा स्वभाव खरा आहे, आणि बरी जागा दिसली की ती बहुधा स्वतःच पिल्ले उचलून नेते. माळा रिकामा झाल्यावरही लगेच जाळी लावू नये. सवण्याच्या कडेला कोरडी बारीक माती भुरभुरून दोन रात्री पाहावे. पंजांचे ठसे उमटले नाहीत, तर दिवसाउजेडी माळा पुन्हा एकदा तपासून मगच जाळी ठोकावी. पुढे दर पावसाळ्यात हाच प्रसंग नको असेल, तर पिल्ले मोठी झाल्यावर मांजरीच्या नसबंदीविषयी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

या व्यवहाराचा जमाखर्च मांडला तर खर्चाच्या बाजूला थोडी जाळी, एक खोके आणि काही आठवड्यांचा धीर एवढेच येते. यंत्र विकत घ्यावे लागत नाही. घेतलेच तर ते पूरक म्हणून, गोठ्याकडे पाठ करून. जमेच्या बाजूला स्वच्छ ओटा, निर्धास्त पाळणा आणि कोणताही जीव न दुखावता राखलेली मर्यादा.

सिरसाळ्याच्या त्या घरात काही दिवसांनी माळा रिकामा होतो आणि सवण्याला जाळी बसते. पहाटे स्वयंपाकघराचे दार उघडताना सूनबाई आधी ओट्याकडे पाहतात. तो कोरडा असतो. मागल्या दारी, खोक्याच्या कडेवरून तीन डोकी बाहेर डोकावत असतात. आजी गायीची धार काढून येताना वाट किंचित वाकडी करतात, म्हणजे त्यांची झोप मोडू नये.