पहाटेची पेज

गेल्या दिवाळीची गोष्ट. वसुबारसेच्या सकाळी आमच्या घरी चकलीचा पहिला घाणा कढईत पडला आणि आतल्या खोलीतून अक्काचा आवाज आला, "अरे, ते दार लावून घे रे आधी!"

अक्का माझी थोरली बहीण, चिपळूणची. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर दर 21 दिवसांनी केमोथेरपी घ्यायची, म्हणून ती दादरला आमच्याकडे मुक्कामाला आली होती. नुकताच तिसरा डोस झाला होता. जिच्या हातच्या चकल्या खाऊन मी लहानाचा मोठा झालो, तिला त्याच तळणाच्या वासाने ढवळून येत होते.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. कर्क म्हणजे खेकडा, ग्रीक वैद्यांनीही या रोगाला खेकड्याचेच नाव दिले होते, एवढे मी वर्गात झोकात सांगू शकतो. पण रोग्याच्या पानात काय वाढावे, हे आमच्या एम. ए.च्या अभ्यासक्रमात नव्हते. तेव्हा मी आपले घराण्यातले एकमेव शास्त्र वापरले, ते म्हणजे आग्रहाचे. "अजून एक घास घे." "अशानं ताकद कशी येणार?" मी लाडू पुढे करी, सौभाग्यवती भातावर तूप ओती. शेजारच्या काकूंनी बजावले, साखर बंद करा, साखरेने गाठ पोसते. एका स्नेह्याने कसल्याशा काढ्याची बाटली आणून दिली. होता होता अक्काचे वजन 54 किलोवरून 49 वर आले आणि पाडव्याच्या दिवशी भरल्या ताटासमोर बसून ती रडू लागली. सणाच्या दिवशी, तेही अक्का! आमच्या घरात तिला रडताना कुणी पाहिले नव्हते.

पुढच्या खेपेला इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी कागद पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "घरी आग्रह कोण करतं?" मी अपराध्यासारखा हात वर केला. "तो आधी थांबवा."

मग त्यांनी समजावून सांगितले. केमोची औषधे भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात खऱ्या, पण तोंडाचे नि आतड्याचे अस्तर, केसांची मुळे आणि रक्त घडवणारी हाडांतली मज्जा, यांच्या पेशीही तशाच. म्हणून तोंड येते, अन्न लोखंडासारखे लागते, वासाने मळमळते. तो रोग्याचा हट्ट नव्हे. मात्र वजन फार उतरले तर औषध सोसेनासे होते आणि डोस कमी करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो. साखर तोडल्याने गाठ उपाशी मरत नाही, माणूस तेवढा वाळतो. मधुमेह्याचे पथ्य निराळे, ते त्याने पाळावेच. काढ्याची बाटली मात्र बाईंनी बाजूलाच ठेवली. असली औषधे केमोच्या कामात अडथळा आणू शकतात. डॉक्टरांना दाखवल्यावाचून थेंबही नको.

प्रथिने हवीत, वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम. म्हणजे अक्काला साधारण 60 ते 70 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅमच्या आसपास असतात. हिशेब केला तेव्हा कळले, आम्ही तिला तुपात नि लाडवात बुडवीत होतो आणि हवे ते वाढतच नव्हतो.

"पण तुम्हांला भूक कधी लागते?" बाईंनी अक्काला विचारले. हे आमच्यापैकी कुणाला सुचले नव्हते.

"पहाटे पाचला. पण तेव्हा घरात सगळी झोपलेली असतात."

दुसऱ्या दिवसापासून पाचाचा गजर मी लावला. कोकणातली मऊ पेज, तीत दुधाची भुकटी, बरोबर पूर्ण उकडलेले अंडे. मग दर दोन तासांनी वाटीभर काहीतरी: मुगाचे कढण, नाचणीचे सत्त्व, पनीर घालून केलेली मऊ खिचडी. सगळे निववून द्यायचे, म्हणजे वास कमी येतो. स्टीलचा चमचा जाऊन लाकडी आला. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या सुरू झाल्या. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असत त्या दिवसांत कोशिंबीर, कच्ची चटणी, बाहेरचे खाणे बंद; सगळे ताजे शिजवलेले. आणि ताप 100.4 वर गेला तर रात्रीबेरात्रीही थेट इस्पितळ गाठायचे, हा कागद फ्रिजवर चिकटवला.

चालण्याचे प्रकरण याहून अवघड गेले. आजाऱ्याने पडून राहावे, ही आपली परंपरा. पण केमोचा थकवा पडून राहिल्याने जात नाही, उलट स्नायू झिजतात. डॉक्टर म्हणाले, जमेल तसे वाढवत आठवड्यातून तीनदा अर्धा अर्धा तास चालण्यापर्यंत या. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचेही त्यांनी सांगितले. त्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे 889 रुग्ण होते. शस्त्रक्रिया नि केमो संपल्यावर ज्यांच्याकडून तीन वर्षे शिस्तीने व्यायाम करून घेतला, त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण कमी आढळले. अक्काचा रोग वेगळा, अवस्था वेगळी, तेव्हा हा आकडा तिला जसाच्या तसा लावू नका, हेही त्यांनीच बजावले.

पहिल्या दिवशी गॅलरीत चार फेऱ्या झाल्या. चक्कर येई किंवा रक्ताचे आकडे खाली असत त्या दिवशी सुटी. महिन्याभरात आम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्यापर्यंत पोचलो. खरे सांगायचे तर तिथे आधी मी टेकलो.

सहाव्या डोसाला वजन 51 भरले. पुढे रेडिएशनही झाले आणि उन्हाळ्यात अक्का चिपळूणला परतली. तपासण्या चालू आहेत. तारीख जवळ आली की आम्ही दोघेही फोनवर उगीचच हवापाण्याच्या गप्पा मारतो. परवा मात्र तिने मध्येच विचारले, "काय रे, पहाटेचा उठतोस का अजून? की मी गेले आणि तू पुन्हा लोळायला लागलास?"

मी म्हटले, "उठतो की."

"मग आवाज झोपेतला का येतोय?"