राखणीचा भार
मुरूड-रोह्याच्या डोंगरांत, फणसाड अभयारण्याच्या कडेला भात पिकू लागले की रानडुकरे एका रात्रीत शेत तुडवून टाकतात. वर्षाचे धान्य गमावलेल्या शेतकऱ्याला अहिंसा सांगणे सोपे असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगीवाचून शिकार हा गुन्हा आहे. जैन आचारात शिकार सप्त व्यसनांत गणली आहे. तथापि पीक राखताना घडणारी विरोधी हिंसा आणि मांसासाठी केलेली संकल्पी हिंसा शास्त्राने एक मानलेली नाही. म्हणून दोष देण्यापूर्वी श्रावकाने कुंपणाच्या खर्चाला हातभार लावावा, नुकसानभरपाईचा अर्ज वन विभागाकडे पोहोचविण्यास साहाय्य करावे. त्याच शिवाराचा तांदूळ आपल्या दुकानांत तोलला जातो. हिंसेचे अनुमोदन टाळायचे, तर राखणीचा भारही वाटून घ्यावा लागतो.